नवा छोटा मिररलेस येतोय म्हणे! घ्यायचा की नाही, हे तो येण्याआधीच कसं ठरवावं

माझ्याकडे फुजीफिल्मचा एक्स-ई३ हा छोटा मिररलेस कॅमेरा आहे, म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा. २०१७ सालचा, बॅटरी आणि कार्ड धरून ३३७ ग्रॅम, रोजच्या पर्समध्ये मावणारा. २०२१च्या जानेवारीत एक्स-ई४ आला तेव्हा मी म्हटलं, पुढचा येऊ दे. पुढचा, म्हणजे एक्स-ई५, आला २०२५च्या जूनमध्ये. मधली चार वर्षं मी जेवढा वेळ अफवा वाचण्यात घालवला, तेवढा फोटो काढण्यात घालवला असता तर बरं झालं असतं. पण त्या वाट पाहण्यातून एक पद्धत हाती लागली. निर्णय कॅमेरा जाहीर होण्याआधी घ्यायचा आणि कागदावर लिहून ठेवायचा, कारण जाहीर झाल्यावर आपलं डोकं आपलं राहत नाही.

खाली उदाहरणं एक्स-ई मालिकेची आहेत, कारण तिचा इतिहास मला पाठ आहे. सोनी, कॅनन, निकॉन वापरणाऱ्यांनी आपापली नावं घालून हेच करावं.

पायरी १: आधी स्वतःचे फसलेले फोटो काढून बसा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक जण हीच गाळतात. गेल्या वर्षभरातले शंभर फसलेले फोटो निवडा. डिलीट केले असतील तर महिनाभर काहीच डिलीट न करता फोटो काढा. मग कॉम्प्युटरच्या मोठ्या स्क्रीनवर एकेक पूर्ण मोठा करून बघा आणि त्यांचे पाच ढीग करा.

पहिला ढीग: आपल्या हातानं हललेले. ओळखायची खूण म्हणजे फोटोतलं सगळंच पुसट असतं, भिंतसुद्धा. शटर स्पीड, म्हणजे फोटो काढताना शटर किती वेळ उघडं होतं, ते बघा. ३५ मिमी लेन्स एक्स-ईच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, साधारण ५३ मिमीसारखी वागते, म्हणून १/५० सेकंदापेक्षा जास्त वेळ शटर उघडं राहिलं की हात दगा देऊ लागतो. देवळाचा गाभारा, दिवाळीच्या पणत्या, संध्याकाळची गल्ली, असे फोटो या ढिगात येतात. यावर खरा उपाय म्हणजे बॉडीतलं (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यातलं) स्टॅबिलायझेशन, हाताची थरथर सावरणारी यंत्रणा. एक्स-ई३ आणि एक्स-ई४मध्ये ते नाही, एक्स-ई५मध्ये आहे.

दुसरा ढीग: मागची भिंत स्पष्ट, पण माणूस हललेला. ढोल वाजवणारे हात, धावणारा भाचा, मान वळवणारी मांजर. इथे स्टॅबिलायझेशन काडीचंही कामाला येत नाही, कारण हललाय तो समोरचा. शटर स्पीड वाढवावा लागतो आणि त्यासाठी प्रकाश लागतो. लेन्सचा एफ आकडा जेवढा लहान, तेवढा प्रकाश जास्त; कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सच्या एफ ४वरून एफ २ची लेन्स लावली तर चौपट प्रकाश मिळतो. म्हणजे या ढिगाचं औषध लेन्समध्ये आहे, आणि ते नव्या बॉडीपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

तिसरा ढीग: फोकस भलतीकडेच. नाकाऐवजी कानावर, नवरीऐवजी मागच्या मावशींवर. हा ढीग मोठा असेल तर नव्या बॉडीचा विचार नक्की करा. माणूस, प्राणी, पक्षी, गाड्या ओळखून त्यांच्यावर फोकस धरून ठेवणं ही गेल्या काही वर्षांतली खरी प्रगती आहे. मात्र धावणाऱ्या गोष्टींचा पाठलाग हेच तुमचं मुख्य काम असेल तर फुजीपेक्षा सोनी किंवा कॅनन बघा, असं मी फुजीवाली असूनही म्हणेन.

चौथा ढीग: दाणेदार, रंग उडालेले, अंधारातले. आकड्यांना भुलायची वेळ इथेच येते. सेन्सरचा आकार तोच असेल तर त्यावर पडणारा एकूण प्रकाशही तोच. २४ मेगापिक्सेलवरून ४०वर गेल्यानं रात्रीचा फोटो उजळत नाही. पुन्हा लेन्सकडेच वळावं लागतं.

पाचवा ढीग: सगळं बरोबर आहे, पण फोटो कंटाळवाणा आहे. माझा हा ढीग बाकीच्या चारही ढिगांपेक्षा मोठा निघाला. दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही मी.

पायरी २: पिक्सेलचा हिशेब स्वतः करा

४० मेगापिक्सेल हा आकडा २४च्या जवळपास पावणेदोनपट वाटतो. पण एक्स-ई३चा फोटो ६००० गुणिले ४००० आणि एक्स-ई५चा ७७२८ गुणिले ५१५२ पिक्सेलचा. म्हणजे रुंदीत वाढ जेमतेम २९ टक्के. ए३ कागदावर ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर साधारण ४९६० गुणिले ३५१० पिक्सेल लागतात. ते २४मध्ये सहज बसतात, वर थोडं कापायलाही उरतं. घरात ए३पेक्षा मोठी फ्रेम लावली आहे का? नसेल तर जादा पिक्सेलचा खरा उपयोग एकच, क्रॉप, म्हणजे फोटोतला हवा तेवढाच भाग कापून घेणं. एकच छोटी लेन्स लावून फिरणाऱ्यांना तो खरंच होतो, हे कबूल.

पायरी ३: अफवा वाचा, पण वाचायची रीत ठेवा

नवा कॅमेरा येतोय याचा त्यातल्या त्यात भरवशाचा सुगावा सरकारी नोंदणीतून लागतो. कॅमेऱ्यात वायफाय आणि ब्लूटूथ असतं, त्यामुळे विकण्याआधी वेगवेगळ्या देशांच्या यंत्रणांकडे तो नोंदवावा लागतो, आणि तिथे नावाऐवजी फक्त एक सांकेतिक क्रमांक असतो. त्यावरून काहीतरी येतंय एवढंच कळतं. ते तुमचं लाडकं मॉडेल आहे की नाही, ते नाही.

दुसरं, मालिकेचं जुनं वेळापत्रक मांडा. एक्स-ई१ सप्टेंबर २०१२, ई२ ऑक्टोबर २०१३, ई२एस जानेवारी २०१६, ई३ सप्टेंबर २०१७, ई४ जानेवारी २०२१, ई५ जून २०२५. मधली अंतरं महिन्यांत मोजा: १३, २७, २०, ४०, ५३. हे बघितल्यावर "पुढच्या दिवाळीपर्यंत येईलच" असं म्हणायची हिंमत होत नाही. जुनं मॉडेल दुकानांतून गायब झालं म्हणजे नवं दारात उभं आहे, हाही गैरसमज. एक्स-ई४ मिळेनासा झाला, सेकंडहँडचे भाव मूळ किमतीच्या वर गेले, तरी ई५चा पत्ता नव्हता.

कधीकधी थांबणाऱ्याला फुकटातही मिळतं. ई२एस आल्यावर पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१६मध्ये, कंपनीनं जुन्या ई२ला नवं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) दिलं आणि नवी ऑटोफोकस पद्धत त्यातही आली. म्हणून पहिलं काम, तुमच्या बॉडीचं फर्मवेअर आज तपासा. दोन-तीन वर्षं न तपासलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत.

पायरी ४: धाकट्याचं भविष्य थोरल्यात बघा

छोटा कॅमेरा सहसा आपलं असं नवं काही घेऊन येत नाही. थोरल्या भावाचे कपडे आखूड करून त्याला दिलेले असतात. ई३मध्ये २०१६च्या एक्स-टी२चा सेन्सर होता, ई४मध्ये एक्स-टी४चा. ई५चा ४० मेगापिक्सेलचा सेन्सर २०२२पासून एक्स-एच२ आणि एक्स-टी५मध्ये होताच. म्हणजे ई५ जाहीर व्हायच्या अडीच वर्षं आधीपासून त्याचे फोटो कसे दिसणार हे बघायची सोय होती.

म्हणून थोरला कॅमेरा एका शनिवार-रविवारसाठी भाड्यानं घ्या. पुण्या-मुंबईत भाड्यानं देणारे आहेत. ओळखपत्र आणि अनामत रक्कम लागते, आणि घेताना लेन्सवरचे ओरखडे दुकानदारासमोरच दाखवून ठेवावेत. पायरी १मध्ये ज्या ढिगात सगळ्यात जास्त फोटो होते, नेमके तसेच फोटो त्या दोन दिवसांत काढा. कंटाळवाणा ढीग सोडला तर माझा हललेला ढीग मोठा होता, म्हणून मी संध्याकाळी तुळशीबागेत गेले. एरवी तिथे माझे निम्मे फोटो हलतात. स्टॅबिलायझेशननं दुकानांच्या पाट्या आणि दिवे सुरेख आले. माणसं मात्र तशीच पुसट, कारण तुळशीबागेत कोणी उभं राहत नाही.

पायरी ५: जे सुधारणार नाही त्याचीही यादी करा

जाहिरातीत नवं काय ते असतं, जुनंच काय राहिलं ते आपल्याला शोधावं लागतं. ई३चा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, २३.६ लाख डॉट्सचा, मोठेपणा ०.६२ पट. ई५चाही तेवढाच. आठ वर्षांनी त्याच खिडकीतून बघायचं. चष्मा लावून व्ह्यूफाइंडरला डोळा लावणाऱ्यांना हे रोज टोचणार.

ई५ची बॉडी पाणी-धुळीपासून संरक्षित नाही. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर भटकणाऱ्यानं ही ओळ दोनदा वाचावी. पावसाळ्यात राजगड-हरिश्चंद्रगड करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी सरळ ओएम सिस्टिमच्या ओएम-५कडे पाठवलं. सेन्सर लहान, पण बॉडीला आयपी५३ दर्जाचं पाणी-धुळीपासून संरक्षण आणि वजन ४१४ ग्रॅम. तिचा प्रश्न वेगळा होता, म्हणून उत्तरही वेगळं.

आणि वजन. ई५ भरतो ४४५ ग्रॅम, माझ्या ई३पेक्षा १०८ ग्रॅम जास्त. कागदावर किरकोळ वाटतं. छोटा कॅमेरा घेतला तो सतत जवळ असावा म्हणून, तेव्हा साबणाची वडी सोबत बांधून तुमचा कॅमेरा आठवडाभर वागवून बघा. गंमत नाही, मी केलंय.

बटणांचंही तेच. ई४मध्ये मागची डायल आणि फोकस मोडचा खटका काढून टाकला होता. बोटांना ज्याची सवय, ते काढलं की सेन्सर कितीही चांगला असो, चिडचिड होते. दुकानात जाऊन हातात धरल्याशिवाय हे कळत नाही. मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोराबाजारात एक दुपार घालवा.

पायरी ६: खरी किंमत मांडा

एक्स-ई४ची बॉडी अमेरिकेत जाहीर झाली तेव्हा साधारण ८५० डॉलरना होती, ई५ची १७०० डॉलरना. दुप्पट! "मागच्या वेळी एवढ्याला होता" या हिशेबानं पैसे बाजूला ठेवणाऱ्यांचं गणित तिथेच कोसळलं. तेव्हा अंदाज वरचाच धरा. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी त्यात धरलेला असतो. बिल नको असेल तर कमी करतो, असं कोणी म्हणालं तर बिलाबरोबर भारतातली वॉरंटीही जाते, हे लक्षात असू द्या. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला "येताना आण ना" म्हणण्याआधी कस्टमची ड्युटी आणि ती वॉरंटी इथे चालते का, दोन्ही विचारा. नो-कॉस्ट ईएमआयमध्येही व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी लागू शकते.

त्यापुढे लपलेला खर्च. फाइल दीडपटीहून मोठी, म्हणजे कार्ड, हार्ड डिस्क आणि बहुधा घरातला दमलेला लॅपटॉप. लेन्सचंही बघा. ४० मेगापिक्सेलला कोणत्या लेन्स पुरेपूर न्याय देतात याची यादी फुजीनंच प्रसिद्ध केली होती, आणि एक्स-ई१बरोबर आलेली, घरोघरी असलेली १८-५५ मिमी झूम लेन्स त्यात नव्हती. ती लेन्स बाद होत नाही. फोटो पूर्वीइतकाच चांगला येतो, फक्त ज्यासाठी पैसे मोजले तो तपशील पूर्ण मिळत नाही.

पायरी ७: चिठ्ठी लिहा

एका कागदावर तीन अटी, एक रक्कम, एक तारीख. बस. माझी अशी होती: बॉडीत स्टॅबिलायझेशन हवं, मागची डायल परत हवी, व्ह्यूफाइंडर मोठा हवा, लेन्सशिवाय एक लाखाच्या वर जाणार नाही, २०२५ संपेपर्यंत आला नाही तर लेन्स घेऊन मोकळी. चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. नवरा रोज शर्ट काढताना ती वाचायचा आणि काही बोलायचा नाही, हेही एक दडपणच.

पायरी ८: जाहीर झाल्याच्या दिवशी काहीही करू नका

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण प्री-ऑर्डर करणाऱ्यांसाठीच असावी. त्या दिवशीचे व्हिडिओ बहुतेक कंपनीनं आधी कॅमेरा दिलेल्यांचे असतात. महिना-दोन महिने थांबा, पहिलं फर्मवेअर येऊ द्या, स्वतःच्या पैशानं घेतलेल्यांच्या तक्रारी वाचा. याला अपवाद आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झालेला फुजीचाच एक्स१००व्हीआय लोकांना कित्येक महिने मिळतच नव्हता. तुमच्या तिन्ही अटी आणि रक्कम जुळत असेल तर अधिकृत विक्रेत्याकडे नाव नोंदवा. चढ्या भावानं मात्र कोणाकडूनही घेऊ नका.

ई५नं माझ्या दोन अटी पाळल्या, तिसरी नाही, आणि रक्कम तर नाहीच नाही. मी एफ २ची सेकंडहँड लेन्स घेतली. हललेल्या माणसांचा ढीग बराच खाली आला. देवळातले फोटो अजून हलतात. खांबाला टेकून काढते.

पायरी ९: घेतलाच, तर जुना विकताना

नवा हातात येऊन त्यातून चार-पाचशे फोटो काढल्याशिवाय जुना विकू नका. नवी बॉडी बिघडलेली निघाली तर मधले दिवस हातात काहीच नसतं. विकताना खोका, मूळ बिल, चार्जर, पट्टा एकत्र ठेवा, सेन्सरवर धूळ आहे का ते एफ १६वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढून बघा, आणि दोष असेल तर आधीच सांगा. फोनला जोडलेलं ब्लूटूथ आणि कॅमेऱ्यातली सेटिंग्ज रिसेट करा.

आणि जादा बॅटऱ्या उदारपणे देऊन टाकू नका. ई३, ई४, ई५ या तिघांनाही एकच एनपी-डब्ल्यू१२६एस चालते.