नव्या हार्डडिस्कवर फायली नेताना या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या टेबलावर जुन्या मशीनची रांग काही हटत नाही. कुणी नवा पीसी घेतलाय, कुणाला जुन्यातच एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी वेगवान डिस्क, टाकून हवीय. डिस्क बसवायला अर्धा तास पुरतो. डोकं उठतं ते "फायली मीच कॉपी केलो की ओ, तुम्ही नुसतं बघा" म्हणत येणाऱ्यांमुळे.

सगळ्यात वाईट खोड कट-पेस्टची. खानापूरकडचा एक डीटीपीवाला आहे, पत्रिका छापतो, लग्नाचे फोटोही काढतो. ऐन मे महिन्यात त्यानं अकरा वर्षांचं काम, २०० जीबीच्या आसपास, एका दमात कट करून नव्या डिस्कवर पेस्ट केलं आणि जेवायला गेला. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. तीनच्या सुमाराला वळीव आला, लाईट गेली. संध्याकाळी गडी मशीन काखोटीला मारून दारात. "ओ, निम्मं इकडं, निम्मं तिकडं दिसतंय, आणि मधलं काय उघडंना!"

फोटोरेक, म्हणजे गेलेल्या फायली शोधून काढणारा प्रोग्राम लावला, रात्रभर चालला. हजारो फोटो परत आले, पण नावं गेली ती गेलीच. प्रत्येक फाईलचं नाव म्हणजे एफ आणि पुढं आकडे. कुठली नवरी कुठल्या गावची हे ओळखण्यात त्याचा पावसाळा गेला. तेही जुनी फिरती डिस्क होती म्हणून. एसएसडीवर पुसलेली जागा ट्रिम नावाची सोय लगेच साफ करून टाकते, त्यामुळे तिथून पुसलेलं बहुतेक वेळा हाताला लागतच नाही.

म्हणून मी कट कधीच करत नाही. कॉपी झाली की दोन्हीकडच्या फोल्डरवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडतो, फायलींची संख्या आणि साईज कागदावर लिहून ताडून बघतो. मग प्रत्येक मोठ्या फोल्डरमधली सगळ्यात जुनी, सगळ्यात नवी आणि सगळ्यात जड अशा तीन फायली उघडतो. जुन्या डिस्कवर मार्करनं तारीख घालायची आणि तीन महिने कपाटात ठेवायची. पण लोकांना त्याच दिवशी फॉरमॅट मारून ती भाच्याला द्यायची असते. कसली घाई असते देव जाणे.

दुसरं दुखणं खास आपल्या भागातलं, फॉन्टचं. इथं पत्रिका मराठीत आणि अर्ज कन्नडात, त्यामुळे एकाच मशीनवर मराठी टायपिंगची श्री-लिपीही असते आणि कन्नडची नुडीही. जुन्या फायली बहुतेक युनिकोडमधल्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या, नसतात; त्यांना तोच फॉन्ट लागतो. फायली आल्या आणि फॉन्ट मागं राहिले, की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची खूण. फाईल बिघडलेली नसते. पण गिऱ्हाईक घाबरतं, सगळं सिलेक्ट करून मंगल फॉन्ट लावतं आणि वर सेव्ह करतं. आता मूळ फॉन्ट कुठला होता हे शोधत बसा! त्यापेक्षा जुनं मशीन चालू आहे तोवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून लागणारे फॉन्ट वेगळे काढून घ्या. तिथं एखादा सापडला नाही तर तुमच्या युजरच्या लपलेल्या ॲपडेटामध्ये बघा, काही फॉन्ट तिकडं बसतात. टायपिंगचं सॉफ्टवेअर मात्र नव्यानं टाकावंच लागतं, फोल्डर उचलून आणल्यानं ते चालत नाही.

डेस्कटॉपवरच्या चिन्हाच्या कोपऱ्यात बाण दिसला तर तो शॉर्टकट. खडेबाजारातल्या एका शेठजींनी पेनड्राईव्हवर हिशेबाचं 'अख्खं टॅली' आणलं होतं, २ केबीचं. टॅलीत कंपनी निवडायच्या स्क्रीनवर डेटाचा पत्ता दिसतो, तो फोल्डर आणायचा.

वनड्राईव्हच्या (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाईन साठ्यातल्या) फाईलवर ढगाचं चिन्ह असेल तर ती मशीनवर नाहीच. आधी उतरवून घ्या.

पेनड्राईव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाईल त्यावर जात नाही. लग्नाचा व्हिडिओ इथंच अडतो. एक्सफॅट करा, पण फॉरमॅट करण्याआधी तो रिकामा आहे ना बघा.

लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्याला जोडण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का तपासा. ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी नसेल तर मी काय, कुणीच काही करू शकत नाही.

कॉपी रांगत असेल तर केबल निळ्या, म्हणजे वेगवान यूएसबी पोर्टात लावून बघा. आणि काढताना इजेक्ट करा, उपटू नका.

राहता राहिलं, १ टीबीची डिस्क घेतली आणि ९३१ जीबीच दिसते. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं. त्यावरून माझ्याशी भांडू नका.