स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांचा दर्जा मोजताय? या चुका टाळा

तिमाही अहवालात ‘स्तन राखून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी रेडिएशन मिळालेल्या : ९६ टक्के’ अशी ओळ आली की बैठकीत सगळ्यांना हायसं वाटतं. माझा प्रश्न ठरलेला असतो : छेदात कोण धरलंय? अशा फाइली तपासताना अंशात चूक मला क्वचितच सापडते. ज्यांना उपचार मिळाले त्यांचे कागद जागेवर असतात. ज्या मध्येच दिसेनाशा झाल्या त्यांच्या फाइलीत पान कोरं असतं, आणि कोरं पान हिशेबातून सहज निसटतं.

कोरा रकाना वगळणं

समजा, वर्षभरात ८० जणींची स्तन राखून शस्त्रक्रिया झाली. ५० जणींच्या रेडिएशनची नोंद आहे, दोघींनी नकार दिल्याचं लिहिलंय, आणि २८ जणींच्या रकान्यात काहीच नाही. त्या २८ वगळल्या की ५२ पैकी ५०, म्हणजे ९६ टक्के. सगळ्या धरल्या तर ८० पैकी ५०, म्हणजे साडेबासष्ट टक्के. दोन्ही आकडे एकाच कपाटातून निघालेत!

त्या २८ जणींपैकी काहींनी दुसरीकडे रेडिएशन घेतलेलं असतं, काही अर्ध्यावर थांबलेल्या असतात, काहींना कुणी तारीखच दिलेली नसते. हे फोन केल्याशिवाय कळत नाही. म्हणून रकान्यात तीनच उत्तरं ठेवा : मिळालं, मिळालं नाही, माहीत नाही. ‘माहीत नाही’चा आकडा अहवालात वेगळा छापा. तो फार मोठा असेल तर बाकीच्या टक्केवारीवर चर्चा करण्यात वेळ घालवू नका, आधी फॉलोअप दुरुस्त करा.

उलटी चूकही होते. ज्यांना रेडिएशन न देणं हाच योग्य निर्णय होता, त्यांना ‘राहून गेलेल्या’ म्हणून मोजलं जातं. सत्तरी ओलांडलेल्या, लहान आणि हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे शरीरातल्या हार्मोनच्या जोरावर वाढणारी) गाठ असलेल्या, हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी घेणाऱ्या स्त्रियांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये आणि दीर्घकालीन निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये त्याच स्तनात गाठ परतण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं, आयुर्मानात मात्र फरक दिसला नाही. युरोपातल्या स्तन कर्करोग तज्ज्ञांच्या ‘यूसोमा’ या संस्थेच्या २०१७ च्या निकषांत या मोजमापासाठी किमान ९० आणि लक्ष्य ९५ टक्के आहे. शंभर कुणीच मागितलेले नाहीत.

घड्याळ उशिरा सुरू करणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या स्तन कर्करोग उपक्रमात तीन आकडे आहेत : आक्रमक (आजूबाजूच्या भागात शिरलेल्या) कर्करोगांपैकी किमान ६० टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं, आणि ८० टक्के स्त्रियांचे उपचार पूर्ण व्हावेत. यातला ‘पहिल्यांदा दाखवल्यापासून’ हा शब्दप्रयोग बहुतेक ठिकाणी गळतो. बायोप्सीच्या रिपोर्टची तारीख संगणकात तयार असते, म्हणून मोजणी तिथून सुरू होते. गाठ दाखवल्यावर ‘काही नाही, महिन्याने बघू’ म्हणून परत पाठवलेल्या बाईचे ते महिने मग कुठल्याच अहवालात दिसत नाहीत.

फाइलीत किमान पाच तारखा हव्यात : गाठ पहिल्यांदा दाखवली तो दिवस, मॅमोग्राम, बायोप्सी, रिपोर्ट रुग्णाच्या हाती पडला तो दिवस, पहिला उपचार. आधी केमो असेल तर पहिला उपचार केमोच धरा. ‘निदान ते शस्त्रक्रिया’ मोजलंत तर नियमाप्रमाणे आधी केमो दिलेली प्रत्येक स्त्री कित्येक महिने रखडल्यासारखी दिसेल. सरासरीवरही विसंबू नका. दिवसांचा मध्यक द्या आणि सोबत सर्वांत जास्त थांबलेल्या दहा टक्के स्त्रियांना किती दिवस लागले तेही लिहा. अडचण त्यांच्याच फाइलीत सापडते.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट डोळे झाकून घेणं

हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह असलेल्या किती जणींना गोळी सुरू झाली, हे सगळे मोजतात. मुळात चाचणी बरोबर झाली का, हे फार थोडे बघतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर प्रांतात १९९७ ते २००५ या काळात शेकडो स्त्रियांच्या या चाचणीचे निकाल चुकले. रिसेप्टर निगेटिव्ह सांगितल्यामुळे ज्या गोळीचा उपयोग झाला असता ती अनेकींना दिलीच गेली नाही. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमरन यांच्या आयोगाने २००९ मध्ये त्यावर अहवाल दिला. गोळी सुरू झाल्याची टक्केवारी बघून असा घोटाळा कधीच कळला नसता, कारण चुकून निगेटिव्ह ठरलेली स्त्री त्या छेदात येतच नाही.

काढलेला नमुना एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावात) जायला हवा आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. आता शुक्रवारी दुपारी चारची शस्त्रक्रिया घ्या. सोमवारी सुट्टी आली आणि मंगळवारी सकाळी दहाला बरणी उघडली, तर ९० तास झाले. अख्खा नमुना न चिरता तसाच बुडवला असेल तर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोहोचायलाही वेळ लागतो. म्हणून बरणीच्या लेबलावर दोन वेळा लिहायला लावा : नमुना काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची. दर महिन्याला रिसेप्टर निगेटिव्हचं प्रमाणही बघत राहा. साधारणपणे दहातल्या सात-आठ गाठी पॉझिटिव्ह असतात. निगेटिव्ह अचानक वाढले तर आधी प्रयोगशाळेत जाऊन बघा.

एकच आकडा सुधारत बसणं

दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण कमी करा असं सांगितलं की ते कमी होतं. पण ते स्तनाचा मोठा भाग काढूनही कमी करता येतं आणि पूर्ण स्तन काढूनही. म्हणून त्याच्या शेजारी पूर्ण स्तन काढल्याचं प्रमाण छापा. स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेत आक्रमक गाठीसाठी काढलेल्या भागाच्या शाई लावलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी नसल्या की पुरे, असं २०१४ पासून मान्य आहे. त्यानंतरही ‘कड थोडी जवळ वाटली’ म्हणून पुन्हा टेबलावर घेतलेल्या किती, हे वेगळं मोजा.

जगण्याचे आकडे घाईने शेजारी मांडणं

जिथे तपासणीत लहान गाठी सापडतात तिथली पाच वर्षं जगलेल्यांची टक्केवारी चांगलीच दिसणार. टप्प्यानुसार विभागणी केल्याशिवाय तुलना नको. वीस रुग्णांत १९ म्हणजे ९५ टक्के खरे, पण एवढ्या थोड्या संख्येवरून खरं प्रमाण ७५ पासून जवळपास १०० पर्यंत कुठेही असू शकतं. शिवाय रिसेप्टर पॉझिटिव्ह गाठी पाच वर्षांनंतरही परतत राहतात. पाच वर्षांच्या आकड्यावर समाधान मानून फाइल बंद करू नका.

चिठ्ठीलाच उपचार समजणं

गोळी लिहून दिली की रकान्यात टिक पडते. ती निदान पाच वर्षं घ्यायची असते, आणि सांधेदुखीने किंवा अंगात उसळणाऱ्या गरम वाफांनी कंटाळून अनेक जणी मध्येच सोडतात. प्रत्येक भेटीत ‘गेल्या आठवड्यात किती दिवस चुकली?’ असं विचारा. ‘नियमित घेता ना?’ विचारलंत तर उत्तर ‘हो’च येणार.

काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्यावर येणाऱ्या हाताच्या सुजेचंही तसंच. आमच्या फाइलींत ‘सूज नाही’ असं पानोपानी लिहिलेलं होतं. एका बाईंनी बाहीची शिवण उसवून दाखवली तेव्हा आम्ही टेप शोधायला लागलो, आणि शस्त्रक्रियेआधीचं माप कुठेच नव्हतं. तुलना करायची कशाशी? आता भरती होतानाच दोन्ही हातांचा घेर कोपराच्या वर आणि खाली ठरावीक अंतरावर मोजतो, आणि आकडा पहिल्याच पानावर लिहितो.