माल भरण्याआधी क्लचचा प्ले मोजा

काढणी तोंडावर आली, आभाळ भरून येतंय आणि सगळ्यांची धावपळ मजूर, बारदान, ताडपत्री यांच्यामागे चालली आहे. ट्रॉली ओढणाऱ्या गाडीच्या क्लचकडे मात्र कोणी बघत नाही. दर हंगामात हेच होतं. एरवी रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी कुरकुर न करता चालते. काढणी सुरू झाली की पूर्ण वजन मागे लागतं, पहिल्याच मोठ्या चढावर इंजिन ओरडायला लागतं आणि गाडी जागची हलत नाही. फळ किंवा भाजी भरलेली असेल तर ती तिथेच तापते, नाहीतर भिजते. क्लच प्लेट दोन दिवसांनी नवी बसते, पण सडलेल्या मालाचं काय करणार?

अशा गाड्या खोलल्यावर पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते: पेडलचा प्ले कधीच संपलेला असतो आणि तो कोणी मोजलेला नसतो.

प्ले म्हणजे पेडल दाबताना सुरुवातीची मोकळी चाल, जिथे पायाला काहीच जोर लागत नाही. प्लेट झिजून पातळ होते तशी प्रेशर प्लेटची (क्लच प्लेट इंजिनच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे जड चाकावर, दाबून धरणाऱ्या भागाची) बोटं रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबलं की ही बोटं ढकलणाऱ्या बेअरिंगकडे) सरकत येतात आणि ही मोकळी चाल कमी होत जाते. ती शून्य झाली की पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग बोटांना दाबून ठेवतं. म्हणजे तुम्ही दिवसभर थोडासा क्लच दाबूनच गाडी चालवता. पकड कमी पडते, प्लेट घसरते, तापते, आणखी झिजते, आणि पुढच्या फेरीला आणखी घसरते. रिकाम्या गाडीत हे जाणवतच नाही, कारण रिकाम्या गाडीला पूर्ण पकड लागतच नाही.

मोजायला पाच मिनिटं लागतात. इंजिन बंद करा. पेडलशेजारी पट्टी उभी धरा. पायाने नको, हाताने पेडल दाबा आणि जिथे जोर लागायला सुरुवात होते तिथे थांबा. तेवढं अंतर म्हणजे प्ले. रॉड किंवा केबल असलेल्या बहुतेक ट्रॅक्टरांत तो २० ते ३५ मिमीच्या दरम्यान सांगितलेला असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो, तोच धरा. कमी भरला तर रॉडवरचा लॉकनट सैल करून लांबी बदला, पुन्हा मोजा, नट आवळा. दोन टप्प्यांच्या पेडलचा क्लच असेल, म्हणजे अर्ध्या दाबाला चाकं सुटतात आणि पूर्ण दाबाला पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा दांडा), तर बाहेरचा प्ले तुम्ही बघा. आतल्या बोटांची जुळणी जाणत्या फिटरकडूनच करून घ्या.

तेल-दाबाचा क्लच असलेल्या पिकअपची गोष्ट वेगळी आहे आणि इथे बरेच जण फसतात. तिथे प्लेटची झीज यंत्रणा आपोआप सांभाळते, त्यामुळे पेडलवरून प्लेट किती उरली ते कळत नाही. पेडलचा प्ले असतो जेमतेम काही मिलिमीटर, पण तो असायलाच हवा. मास्टर सिलिंडरच्या (पेडलने तेल ढकलणाऱ्या वरच्या सिलिंडरच्या) दांड्याला तेवढी मोकळीक नसेल तर तेल परत जायचं छिद्र उघडत नाही. तेल तापून फुगतं, दाब अडकतो आणि क्लच आपोआप थोडा दाबलेला राहतो. सकाळी गाडी ठीक आणि दुपारी भरल्या ट्रॉलीसह घसरते, अशी तक्रार असेल तर आधी हे बघा. गरम असताना घसरणारी गाडी थांबवून क्लचकडच्या खालच्या सिलिंडरचा ब्लीड निप्पल (हवा-तेल सोडायची छोटी तोटी) क्षणभर सैल केला आणि पकड परत आली, तर दोष अडकलेल्या दाबाचा आहे, प्लेटचा नाही. तेल गरम असतं, डोळे आणि हात सांभाळा. दांड्याची मोकळीक बरोबर असूनही दाब अडकत असेल तर आतून फुगलेली जुनी रबरी नळी बदलून बघा.

या क्लचच्या तेलाच्या डबीबद्दल आणखी एक. ब्रेकचे लायनर झिजले की ब्रेकच्या तेलाची पातळी खाली जाते. क्लचमध्ये उलट होतं, प्लेट झिजली की थोडं तेल डबीत परत येतं. म्हणून क्लचच्या स्वतंत्र डबीतलं तेल कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे, नुसतं भरत बसू नका.

आता रस्त्यावरची परीक्षा. तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका, नाहीतर क्लचचा दोष नसताना क्लच खोलला जातो.

चढावर गाडीचा वेग पडतो आणि आरपीएमचा काटाही तितकाच पडतो: इंजिन ओढत नाही. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचे पाइप बघा. क्लचला हात लावू नका.

काटा वर जातो आणि चाकं जागेवर फिरतात: टायरची पकड गेली. चिखलात हे होणारच, म्हणून शेतात क्लचची परीक्षा घेऊच नका. कोरडा, टणक रस्ता हवा.

काटा वर जातो, चाकं जागेवर फिरत नाहीत, वेग तिथेच राहतो: क्लच.

तिसरी गोष्ट सुरुवातीला इतकी बारीक असते की कानाला कळत नाही. म्हणून हे करा. सपाट रस्त्यावर, ट्रॉली न जोडता, टॉप गियरमध्ये एका ठरावीक वेगाला काटा कुठे आहे ते लिहून ठेवा. क्लच पक्का असेल तर एका गियरमध्ये वेग आणि आरपीएम एकमेकांना बांधलेले असतात, ओझ्याने त्यात फरक पडायचं कारण नाही. मग भरलेल्या ट्रॉलीसह, हलक्या चढावर, त्याच गियरमध्ये, त्याच वेगाला पुन्हा बघा. रिकाम्याला १८०० होते आणि भरल्यावर २००० दिसतात, तर दहा टक्के फिरणं प्लेटमध्येच जिरतंय. टायर ओझ्याने थोडे दबतात, म्हणून तीस-चाळीस आरपीएमच्या फरकाने घाबरू नका. दीडशे-दोनशेचा फरक मात्र सोडू नका. ट्रॅक्टरला वेगाचा काटा नसेल तर मोबाइलवरचा वेग शेजाऱ्याला वाचायला सांगा, चालवणाऱ्याने मोबाइल बघायचा नाही.

दोनशेचा फरक किती असतो ते सांगतो. इंजिन २०० न्यूटन-मीटर जोर देतंय आणि प्लेट २०० आरपीएमने मागे राहतेय, तर क्लचच्या बंद हाउसिंगमध्ये (कवचात) चार हजार वॅटपेक्षा जास्त उष्णता तयार होते. पूर्ण चढभर एवढी शेगडी आत पेटलेली राहते. प्रेशर प्लेटचा स्प्रिंग एकदा असा तापला की त्याचा ताण कमी होतो आणि मग नवा प्ले देऊनही पूर्वीची पकड येत नाही. म्हणूनच सांगतो, प्ले आधी मोजा, घसरायला लागल्यावर नव्हे.

ट्रॉली न भरता परीक्षा घ्यायची तर टॉपच्या आधीचा गियर टाका, आरपीएम १५०० च्या आसपास आणा आणि एकदम पूर्ण रेस द्या. डिझेल इंजिन तिथून पुढे पूर्ण जोराकडे जातं. काटा उसळला आणि वेग मागे राहिला तर दोष आहे. हँडब्रेक ओढून, टॉप गियरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडण्याची परीक्षा बहुतेक मेकॅनिक करतात. ती पूर्ण गेलेला क्लच पकडते, जाऊ लागलेला नाही. थंड क्लच या परीक्षेत पास होतो आणि त्याच दुपारी चढावर घसरतो. करायचीच तर मोकळ्या मैदानात, चाकांना उटी (अडसर) लावून, समोर कोणी नसताना, एकदाच. चार-चार वेळा करून प्लेट जाळू नका.

एक फसवा आवाजही आहे. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन तापल्यावर आपोआप जोराने फिरायला लागतो आणि मोठा घरघराट होतो. ओझं ओढताना चढावर हे नेमकं होतं आणि लोकांना वाटतं, क्लच घसरला. कानावर विसंबू नका, काट्याकडे बघा.

वासाचंही तसंच. चढावर ट्रॉली उलटी घालताना जळका वास आला तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, तिथे क्लच घासतोच. सरळ चालताना, पाय पेडलवर नसताना वास आला तर त्याच दिवशी थांबा.

माझा एक अंदाज आहे, कुठल्या पुस्तिकेत सापडणार नाही. गाडी बघताना मी आधी पेडलांची रबरं बघतो. क्लचचं रबर ब्रेकच्या रबरापेक्षा खूपच गुळगुळीत झालं असेल, तर चालवणाऱ्याचा पाय दिवसभर क्लचवर टेकलेला असतो. तिथे प्ले बरोबर असला तरी उपयोग नाही, पायाने तो खाल्लेलाच असतो. त्या चालकाला आधी सांगा, मग पाना हातात घ्या.

प्ले बरोबर आहे, पायही बाजूला आहे आणि तरी घसरते? मग क्लच हाउसिंगच्या तळाचं छिद्र बघा. तिथून तेल ठिबकत असेल तर इंजिनच्या मागच्या सीलमधून किंवा गियरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून तेल प्लेटवर येतंय. अशा वेळी प्ले कितीही बदला, फरक पडणार नाही. सील आणि प्लेट दोन्ही बदलावी लागेल. झाकणातून पेट्रोल मारून प्लेट धुण्याचा जुगाड कुणी सुचवला तर नको म्हणा. तापलेल्या हाउसिंगमध्ये पेट्रोल म्हणजे आग, आणि तेल पुन्हा येतंच.

आता दुकानदारांविषयी. हंगामाआधी ते काय काय पुढे करतात ते ठाऊक आहे. इंजिन ऑइलमध्ये टाकायची बाटली: कोरड्या क्लचला तिचा काही संबंध नाही. जोर वाढवणारी चिप: तुमचा क्लच इंजिनच्या मूळ जोरासाठी बनवलेला आहे, जोर वाढवला की चांगला क्लचही घसरतो. सिरॅमिक बटणांची महागडी प्लेट: पकड चांगली, पण झटक्याने पकडते, ट्रॉली हळूच मागे घेताना गाडी उड्या मारते आणि गियरबॉक्सला धक्के बसतात. रोज जड ओझंच ओढायचं असेल तर विचार करा, मिश्र कामाला साधी प्लेट पुरते. आणि मोठे टायर: ते लावले की गियर लांब होतो आणि तेवढाच चढ ओढायला क्लचवर जास्त भार पडतो. यातलं काही घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा, माझा प्ले किती मिमी आहे ते मोजलंत का?

हंगामाआधीची बाकी कामं:
– ट्रॉलीच्या चाकांना हात लावून बघणे. एकच तापत असेल तर ब्रेक किंवा बेअरिंग अडकलंय
– टायरमध्ये पुस्तिकेप्रमाणे हवा
– ओढदांडा, पिन, सुरक्षा साखळी
– ट्रॉलीचे दिवे, परावर्तक
– क्लच-ब्रेकचं तेल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर बदलणे
– पेडलच्या सांध्यांना ग्रीस
– परवानगीपेक्षा जास्त वजन भरायचं नाही

पाऊस पडून गेल्यावर शेतातून ट्रॉली काढताना सगळ्यात जास्त प्लेटा जळतात. अर्ध्या क्लचवर रेस देत, पुढे-मागे हलवत बसू नका. सर्वात लहान गियर, क्लच एकदाच पूर्ण सोडायचा. चाक फिरलं तर थांबा, अर्धा माल उतरवा किंवा दुसरा ट्रॅक्टर पुढे जोडा.

वाटेत घसरायला लागलीच तर रेस वाढवू नका. खालचा गियर टाका आणि अर्ध्या रेसवर चाला. खालच्या गियरमध्ये तेवढंच ओझं ओढायला क्लचवर कमी जोर येतो, म्हणून बऱ्याचदा गाडी हळूहळू पोहोचते. चढावर क्लचवर गाडी तोलून धरू नका, हँडब्रेक लावा. वास येत असेल तर सपाट जागी थांबवा, न्यूट्रल करा, पाय पेडलवरून काढा आणि अर्धा तास तरी थंड होऊ द्या. आभाळ काळं झालं असेल तर हा अर्धा तास दुसरी गाडी बोलावून माल हलवण्यात घाला.

क्लच खोलला गेला तर जुनी प्लेट हातात मागा. रिव्हेटची डोकी लायनिंगच्या पृष्ठभागापासून किती आत आहेत ते बघा, ०.३ मिमीपेक्षा कमी उरलं असेल तर प्लेट संपली. लायनिंग भरपूर शिल्लक आहे पण काचेसारखी चकाकतेय, तर ती घसरून भाजली आहे. तेलकट असेल तर सील बदलल्याशिवाय नवी प्लेट घालू देऊ नका. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर ते घासून घेता येईल का ते आधी विचारा; नवं फ्लायव्हील लगेच मान्य करू नका. मात्र दुहेरी, स्प्रिंगवालं फ्लायव्हील सहसा घासता येत नाही, त्याचा ढिलेपणा पुस्तिकेच्या मर्यादेशी ताडून मग ठरवा. गियरबॉक्स उतरलेलाच आहे तर रिलीज बेअरिंग बदला, त्यात कंजुषी नको.

नवी प्लेट बसली की पहिले ५०० ते ८०० किमी जड ट्रॉली जोडू नका. हंगामाच्या ऐन मध्यात क्लच बसवला तर हे पाळणं शक्य होत नाही. म्हणून बदलायचा असेल तर या आठवड्यात बदला आणि हलक्या फेऱ्यांना लावा. ट्रॅक्टरवर पहिले काही दिवस झाल्यावर प्ले पुन्हा मोजा, नवी प्लेट बसताना तो थोडा बदलतो.