हस्त सरला, नेच्यांच्या कुंड्या उचलून बघा

हस्ताच्या सरी ओसरल्या की कोल्हापुरात आठवडाभरात हवा कोरडी पडते, आणि घरचे नेचे (फर्न) सर्वांत जास्त मरतात ते याच दिवसांत. चार महिने आभाळच पाणी घालत होते, त्यामुळे कुंडीकडे कोणी वळून पाहिलेले नसते. कोकोपीट किंवा पानांचे खत एकदा पूर्ण वाळले की पाणी धरत नाही. मुळांचा गोळा आकसतो, कुंडीच्या कडेने फट पडते आणि वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ बशीत उतरते. बशी भरलेली, वरची माती ओली, घरचे निर्धास्त. मुळे मात्र तहानलेलीच.

म्हणून बोटाने माती चाचपू नका, कुंडी उचला. नेहमीपेक्षा हलकी लागली तर टबात ठेवा. पाणी कुंडीच्या काठाखाली दोन बोटे असू द्या. २० ते ३० मिनिटांनी बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या. दिवाळीपर्यंत एक दिवसाआड कुंडी अशी उचलून बघायचीच. मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा लवकर वाळते, आणि गच्चीच्या कठड्यावर वाऱ्यात असलेली सगळ्यांत आधी. ती आजच आत घ्या.

पाने करपली म्हणून दुकानात गेलात तर ‘फर्न टॉनिक’ची महागडी बाटली हातात पडेल. घेऊ नका. कोरड्या मुळांना खत दिले की ती आणखी जळतात. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले विद्राव्य खत) द्यायचेच तर लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत आणि वाढीच्या दिवसांत, म्हणजे जून ते सप्टेंबर. आता नाही.

दोन नेचे मात्र उलट वागतात. हंसराजाची पाने पावसानंतर वाळतात, आणि बाशिंगाची हिरवी पानेही कोरड्या दिवसांत गळतात. ही त्यांची झोप आहे. मेले समजून लोक एक तर फेकून देतात, नाही तर पाण्याचा मारा करून कुजवतात. बाशिंगाचे केसाळ खोड दाबून पाहा: टणक असेल तर जिवंत आहे, मऊ पडून वास मारत असेल तर गेले. त्याच्या बुडाशी चिकटलेली आखूड, तपकिरी पाने ओरबाडू नका. पालापाचोळा अडवून झाडाचे खत तीच साठवतात. झोपलेल्या हंसराजाला सावलीत १०-१२ दिवसांनी कपभर पाणी पुरते. हा मोजमापाचा नव्हे, नजरेचा ठोकताळा आहे.

पानाखाली तपकिरी ठिपके दिसले की फवारणीची घाई होते. ओळीने, सारख्या अंतरावर असतील तर ते बीजाणूंचे पुंजके, रोग नव्हे. खवले कीड देठावरही कशीही विखुरलेली असते, नखाने निघते आणि पान चिकट करते. ती कापसाने पुसून काढा. निंबोळी अर्क ५ टक्के आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा. हंसराजाच्या पातळ पानांवर तेलकट फवारा नकोच.

गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट रात्री कुंड्यांजवळ टाका. सकाळी त्याखाली जमलेल्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. विषारी गोळ्या कुत्र्या-मांजरांच्या घरात नकोत.

बाकीची कामे:
– माती: पानांचे किंवा पाचटाचे पूर्ण कुजलेले खत २ भाग, तांबडी माती १, जांभ्याची बारीक खडी १, मूठभर कोळसा. काळी माती नको.
– जागा: सकाळचे कोवळे ऊन, नंतर सावली.
– लागवड: खोड मातीत पुरू नका, वरच टेकवा.
– रोपे: हंसराजाच्या पानाचे टोक जुलैत ओल्या मातीवर दाबून ठेवा, तिथेच मुळे फुटतात.
– पाणी: शिरोळकडे बोअरचे पाणी खारे असेल तर पानांची टोके जळतात. शेवटच्या सरींचे पाणी पिंपात धरा.
– राधानगरी अभयारण्यातून रोपे उपटू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे.

बुडवून काढलेल्या कुंडीतली पूर्ण वाळलेली पानेच कापा, अर्धी हिरवी राहू द्या. बारमाही नेच्याचे खोड टणक असेल तर तीन-चार आठवड्यांत गुंडाळलेले कोंब दिसतात. तोवर त्याला हलवू नका, खत देऊ नका; कुंडी मात्र उचलत राहा.