अंग बदलायचं, कपडे नाही

गणपतीत आमच्या सोसायटीचं नाटुकलं मीच बसवतो. मागं एकदा अदलाबदलीचा विषय घेतला. नवरा टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो, बायको घरी विड्या वळते. एका रात्रीत ह्याचा जीव तिच्या अंगात, तिचा ह्याच्या. सोलापूरच्या पूर्व भागात असं जोडपं शोधायला लांब जावं लागत नाही. पहिला प्रयोग साफ आपटला, दुसरा उचलला. तुम्हाला बसवायचं असेल तर माझ्या चुका फुकट घ्या.

अदलाबदल का झाली, ह्यात वेळ घालवू नका. १९७६ च्या ‘फ्रीकी फ्रायडे’ चित्रपटात आई आणि मुलगी एकाच क्षणी एकच इच्छा बोलतात, झालं काम. २००३ मध्ये तो नव्यानं काढला तेव्हा चिनी हॉटेलातली चिठ्ठीवाली बिस्किटं पुरली. आपलं ‘भगवदज्जुकम्’ हे संस्कृत प्रहसन तर ह्यांच्या कितीतरी आधीचं. त्यात यमदूत भलत्याच बाईचा जीव नेतो आणि संन्यासी गणिकेच्या देहात शिरतो. आम्ही सोलापूरची गड्ड्याची जत्रा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, घेतली. होम मैदानावरचा पाळणा वर जातो, लाईट जाते, दोघं किंचाळतात. लाईट आली की जाड किंचाळी बायकोची, बारीक नवऱ्याची. दोन खुर्च्या आणि एक बटण, एवढाच खर्च.

माझी पहिली चूक कपड्यांची. मी नटांचे कपडेच बदलले. गडी लुगडं नेसून आला, लोक लुगड्याला हसले, तेही दोन मिनिटं. अहो, अंग तेच राहतं, जीव बदलतो! नट आपापल्या कपड्यांत राहू द्या, उचलायची ती दुसऱ्याची खोड.

खोड आधी पेरावी लागते. मागाच्या खडखडाटात वर्षं काढलेला माणूस घरीही ओरडूनच बोलतो; आमचा नवरा तर बोलण्याआधी कानातला कापूस काढायचा. बायको बोलायला लागली की तिचा अंगठा आणि बोट हवेत पान वळायचं. पहिल्या पाच मिनिटांत हे तीनदा दाखवलं. मग पाळण्यावरून उतरलेली बायको कानाकडं हात नेते, कापूस सापडत नाही. तिथं टाळी.

आता खरा तिढा. पहिल्या प्रयोगानंतर एका आजीनं मला धरलं, “हात तर तिचेच हायेत की, मग विडी का जमंना?” मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या प्रयोगाला नियम केला: हातांना येतं, डोक्याला येत नाही. म्हणजे बायकोच्या अंगातला नवरा सूप मांडीवर घेऊन शेजारणीशी गप्पा मारतोय तोवर विड्या भराभर पडतात, आणि कौतुकानं खाली बघितलं की पान फाटतं. अख्ख्या नाटकात ह्याच्याएवढं कशालाच हसले नाहीत. तुमचं जोडपं कुठलंही असो, हा नियम तालमीच्या पहिल्या दिवशीच ठरवा.

मागावरचा प्रवेश छोटा ठेवा, स्टेजवर माग येत नाही. मोबाईलवर आवाज भरून आणा आणि मुद्दाम मोठा लावा, नुसते ओठ हलले तरी चालतंय.

अदलाबदल माहीत नसलेलं तिसरं पात्र मात्र हवंच. आमच्याकडं तो विडी कारखान्यातला माल तपासणारा. एरवी जो नवऱ्याला “या मामा, चहा घ्या” म्हणतो, तोच आता “ए बाई, मागं सरक” म्हणतो आणि मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला टाकतो. इथं विनोद घालू नका. नटीला नुसतं त्या विड्यांकडं बघू द्या.

तालमीला हॉल लागत नाही. बायकोचं काम करणारीला मी तासभर मागांच्या शेडमध्ये उभं केलं. बाहेर येऊन तिनं चहा मागितला तो अख्ख्या गल्लीला ऐकू गेला. नवऱ्याचं काम करणारा बँकेतला कारकून. त्याला दोन संध्याकाळी शेजारच्या अक्कांसमोर बसवलं. पान कापायला पत्रा, कात्री, सूप, सगळं अक्कांचं. दोन तासांत त्याच्या अकरा विड्या झाल्या, अक्कांनी नऊ फेकल्या. वर म्हणाल्या, “हजाराला मजुरी मिळते साहेब, तुमचं जेवण कवा व्हायचं?”

तिसऱ्या संध्याकाळी तालीम नव्हती. मी चटणी आणायला खाली उतरलो तर हा ऑफिसच्या शर्टातच अंगणात बसलेला, आणि मी हाक मारली तरी मान वर करंना. खाली बघायचं नाही हा नियम मीच केला होता, तेवढा तो मोडत होता.