सोन्याचा पापुद्रा, माशाची बुळबुळ आणि नागपूरचा मे

मत्स्यविज्ञान शिकून प्रकाशीय जैवसंवेदकांकडे, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने विषाणू ओळखणाऱ्या यंत्रांकडे, वळू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी नागपुरात तिलापिया या तळ्यात पाळल्या जाणाऱ्या माशाच्या विषाणूवर काम सुरू केलं, तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं.

काचेवर सोन्याचा जेमतेम ५० नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा, त्यावर विषाणू धरून ठेवणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं. विषाणू येऊन बसला की पृष्ठभागालगतचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) बदलतो आणि परावर्तित प्रकाश ज्या कोनाला सर्वांत मंद होतो, तो कोन किंचित सरकतो. मोजायचं ते एवढंच.

मे महिन्यातल्या एका दुपारी माझा त्या कोनाचा आलेख झकास वर चढला. धावतच सरांकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, "प्रतिपिंडं नसलेली वाहिनी बघितली का?" म्हणजे शेजारची, विषाणू धरू न शकणारी, तुलनेसाठीची वाट. तीही तेवढीच चढली होती! बंद पडलेला एसी पुन्हा सुरू होऊन तापलेली खोली गार होत होती. पाणी गार झालं की त्याचा अपवर्तनांक वाढतो, एका अंशाला साधारण एक दशसहस्रांशाने. थोड्याशा विषाणूचा संकेत त्यात सहज बुडतो. तेव्हापासून प्रत्येक नोंदीशेजारी मी तापमान लिहिते. तुम्हीही पहिल्या दिवसापासून लिहा.

दुसरी अडचण बुळबुळीची. माशाच्या अंगावरचा हा स्राव घेतला की मासा मारावा लागत नाही, म्हणून नमुना म्हणून तो मोलाचा. पण त्यातली प्रथिनं सोन्यावर कुठेही चिकटतात. उरलेल्या मोकळ्या जागा बोवाइन सीरम अल्ब्युमिनने (गाईच्या रक्तातल्या एका प्रथिनाने) झाकल्या तरी थोडी गडबड उरतेच. स्वच्छ बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या द्रावणात) विषाणू मिसळून सुंदर आलेख काढण्यात माझे कित्येक महिने गेले. तळ्यात बफर नसतो. निरोगी माशाची बुळबुळ पहिल्याच आठवड्यात यंत्रात घालून बघा.

आणि तळ्यावर जा. भंडाऱ्याकडे एका मत्स्यपालकाने मला विचारलं होतं, "मासोळी मरून वर आल्यावर सांगून काय फायदा, मॅडम?" त्याचं खरं आहे. २०१४ मध्ये इस्रायलमधून वर्णन झालेला, पुढे भारतातही सापडलेला तिलापिया लेक विषाणू असो की दुसरा कोणता, विषाणूवर तळ्यात ओतायचं औषध नाही. वेळेत कळलं तर बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) दुसरीकडे नेणं थांबवता येतं, जाळी निर्जंतुक करता येतात. संवेदकाने हो म्हटलं तरी आरटी-पीसीआरने, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने, खात्री करून घ्यायचीच, पण तोवर मत्स्यबीजाची, म्हणजे या पिल्लांची, गाडी थांबलेली असते.

त्या प्रश्नानंतर मी नमुने घ्यायची वेळ बदलली. आता बोटुकली तळ्यात सोडण्याआधी, पिशव्या उघडतानाच घेते.