ओपनएसएसएलमधला फिक्स नेमका कुठवर पोचला, हे कसं बघायचं

ओपनएसएसएल, म्हणजे इंटरनेटवरचा संवाद कूटबद्ध करणारी मुक्त लायब्ररी, तिच्या घडामोडींवर लक्ष ठेवायचं काम टीममध्ये नव्या माणसाच्या गळ्यात फार सहज पडतं. "तो फिक्स आला का, बघून ठेव जरा," एवढंच सांगतात. गिट, ब्रँच, पुल रिक्वेस्ट हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालते. मलाही येत होतं, तरी सुरुवातीला मीटिंगच्या आधी पोटात गोळा यायचा. उत्तर हो किंवा नाही असं द्यायचं आणि खात्री कशाचीच नाही.

मी जिथे सर्वांत जास्त काळ अडकले, ते आधी सांगते.

ओपनएसएसएलच्या स्वीकारलेल्या हजारो पुल रिक्वेस्टी गिटहबवर लाल खुणेसकट 'क्लोज्ड' दिसतात. जांभळं 'मर्ज्ड' दिसत नाही. नव्या माणसाला वाटतं, नाकारली. पण तिथे कमिटर मर्जचं बटण दाबत नाहीत. रिव्ह्यू करणाऱ्यांची नावं कमिट मेसेजात घालून बदल स्वतः पुश करतात आणि मग रिक्वेस्ट बंद करतात. मेसेज बदलला की कमिटचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख-क्रमांक, बदलतो, आणि हा तोच बदल आहे हे गिटहबला ओळखता येत नाही. म्हणून रंगावर जाऊ नका, शेवटच्या कॉमेंटी वाचा. कोणकोणत्या ब्रँचवर घेतलं, ते तिथे लिहिलेलं असतं.

खरी अडचण पुढे आहे. दुरुस्ती आधी मास्टरवर येते, मग चेरी-पिक होऊन, म्हणजे तेवढाच बदल उचलून, ३.० किंवा ३.५ सारख्या स्थिर ब्रँचवर जाते. तिथे तिचा हॅश पुन्हा वेगळा. तुम्ही मास्टरवरचा हॅश घेऊन 'गिट टॅग'ला 'कंटेन्स' लावून विचारलंत, तर मास्टरमधून पुढे निघालेल्या आवृत्त्यांचेच टॅग मिळतील, ३.०.x चा एकही नाही. आणि तुम्ही बिनधास्त लिहून मोकळे व्हाल की ३.० मध्ये फिक्स नाही. असेल की! फक्त दुसऱ्या हॅशखाली.

उपाय कमिट मेसेजच्या तळाशी आहे. तिथे 'रिव्ह्यूड-बाय'च्या ओळी असतात, त्यांच्याखाली कंसात 'मर्ज्ड फ्रॉम' आणि पुल रिक्वेस्टचा पत्ता. स्थिर ब्रँचवरच्या कमिटला बहुतेक वेळा आणखी एक ओळ असते, 'चेरी पिक्ड फ्रॉम कमिट' आणि पुढे मूळ हॅश. तेव्हा हॅश सोडा, पुल रिक्वेस्टचा क्रमांक धरा, आणि तुमच्या स्थिर ब्रँचच्या लॉगमध्ये तो ग्रेप करा. सापडलेल्या कमिटचा हॅश घेऊन मग टॅग विचारा. क्रमांक सापडला नाही तरी लगेच 'नाही' म्हणू नका. बदल जुन्या ब्रँचवर जसाच्या तसा बसला नाही तर त्यासाठी वेगळी पुल रिक्वेस्ट निघते. मग शीर्षकाने शोधा, बदललेल्या फाइलचा इतिहास बघा. वेळ लागतो, पण उत्तर पक्कं मिळतं.

चेंजलॉगचा एआयकडून सारांश काढून तोच पाठवणारे भेटतात. माझा याला सक्त विरोध आहे. चेंजेसच्या फाइलमध्ये प्रत्येक बारीक दुरुस्ती नसतेच, मग सारांशात कुठून येणार?

सुरक्षेच्या गंभीर दुरुस्त्यांचं गणित निराळं. त्या उघड्यावर तयार होत नाहीत, त्यामुळे पुल रिक्वेस्टींवर डोळा ठेवून त्या दिसणार नाहीत. २५ ऑक्टोबर २०२२ ला जाहीर झालं की १ नोव्हेंबरला ३.०.७ येणार आणि तिच्यात 'क्रिटिकल' दुरुस्ती आहे. तपशील शून्य. प्रत्यक्षात प्युनीकोड (इंग्रजीबाहेरच्या लिपीतली डोमेन नावं साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) हाताळणीतले दोन दोष निघाले आणि तीव्रता 'हाय'वर आली. १.१.१ ला त्यांचा धक्का नव्हता. अशा आठवड्यात अंदाज बांधत बसण्यापेक्षा आपल्या कुठल्या मशीनवर कुठली आवृत्ती आहे याची यादी करा.

ती यादी करताना नुसत्या आवृत्तीच्या आकड्यावरून निकाल देऊ नका. २०१४ च्या हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या गाजलेल्या दोषाची दुरुस्ती मूळ प्रकल्पात १.०.१जी मध्ये आली, पण डेबियन ७ या लिनक्स वितरणाने ती आपल्या १.०.१ई मध्येच बसवली. आकडा जुनाच, फक्त पॅकेजच्या आवृत्तीचं शेपूट बदललं. उबुंटू २२.०४ वर आजही ३.०.२ दिसतं, त्यात कितीतरी दुरुस्त्या मागाहून आलेल्या असतात. इथे वितरकाची सूचनाच वाचायला हवी.

हे सगळं वाचून घाबरू नका. दोन-चार फिक्स असे शेवटपर्यंत माग काढत नेले की हात बसतो. सगळ्या रेपॉझिटरीचं 'वॉच' मात्र लावू नका, इनबॉक्स तुंबेल आणि तुम्ही बघणंच सोडाल. तुमच्या ब्रँचचं लेबल लावून गाळून बघा. 'ॲप्रूव्हल: डन' लागलं म्हणजे काम झालं असंही नाही, त्यानंतर २४ तास थांबतात, कुणाची हरकत आली तर गाडी मागे जाते.

मेंटॉर मिळाल्याशिवाय यात पडू नका असं सांगणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. जुन्या पुल रिक्वेस्टींखालचे वाद वाचा. एका ओळीच्या बदलावर बफरची लांबी, मेमरी कोण मोकळी करणार, जुना एपीआय मोडतो का, यावर माणसं किती बारकाईने बोलतात ते तिथे दिसतं. माझं निम्मं शिक्षण तिथे झालं.

आज सुरुवात करत असाल तर ३.५ ची ब्रँच धरा. एप्रिल २०२५ मध्ये आलेली ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, एप्रिल २०३० पर्यंत चालणारी, आणि एमएल-केईएमसारखे क्वांटम-रोधक अल्गोरिदम तिच्यात आहेत. ३.० ची मुदत ७ सप्टेंबर २०२६ ची. तुमचं उत्पादन ३.० वर असेल, तर पुढचा फिक्स शोधायच्या आधी ही तारीख टीमपुढे ठेवा.